चालताबोलता गेला, की भोगून सुटला?

मयताच्या घरी भेटायला आलेली माणसं ओटीवर टेकली की दोहोंपैकी एक वाक्य हमखास निघतं. म्हातारा सकाळी वाडीला पाणी लावून आला, चहाचा कप खाली ठेवला आणि मान टाकली, असं समजलं की म्हणतात, ‘सोन्यासारखं मरण आलं, कुणाकडून करून घेतलं नाही.’ वर्षभर अंथरुणाला खिळलेली बाई गेली की म्हणतात, ‘सुटली बिचारी.’ दोन्ही वाक्यं गेलेल्या माणसाबद्दल आहेत. देवळात हात जोडून आपण कष्टाविना मरण मागतो, तेही स्वतःसाठीच. आत माजघरात बसलेल्या बायकोचं, मुलाचं, सुनेचं काय? त्यांना कोणतं मरण सोसायला कमी जड जातं, अचानक आलेलं की महिनोन्महिने रेंगाळलेलं?

रायगडच्या किनारपट्टीवर हा प्रश्न पुस्तकी नाही. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांना दोन्ही मरणं घरची आहेत. समुद्र, खाडी आणि डोंगर एका क्षणात माणसं नेतात. आणि परळच्या इस्पितळांचे खेटे घालत, बोटीने आणि एसटीने ये-जा करत, वर्ष-दोन वर्षं झिजून मरणारी माणसंही इथे गल्लोगल्ली आहेत.

आकस्मिक मरणाची इथली सर्वांत मोठी आठवण ‘रामदास’ बोटीची. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना उरला होता. आषाढ अमावास्येच्या तोंडावर घरी निघालेल्या माणसांनी भरलेली बोट सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि तासाभराच्या आत काश्याच्या खडकाजवळ लाटांनी कलंडली. सुमारे सातशे उतारूंपैकी सहाशेहून अधिक बुडाले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला बातमी कळायला दुपार उलटली, आणि तीही पोहत किनारा गाठलेल्यांच्या तोंडून. रेवसकडच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतून देऊन जमतील तेवढी माणसं वर घेतली. उरलेल्यांपैकी अनेकांची प्रेतंसुद्धा घरच्यांना मिळाली नाहीत. त्याआधी २० वर्षं, ११ नोव्हेंबर १९२७ ला, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी कोकणच्या समुद्रात गेल्या होत्या. आणि हे सगळं जुन्या काळातलं म्हणून सोडून देता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली आणि १५ जीव गेले.

या मरणांचं दुःख मोठं असतं हे सांगायला अभ्यास लागत नाही. पण त्यातलं सगळ्यात टोचणारं काय असतं? या किनाऱ्यावरच्या घटना एकत्र ठेवून पाहिल्या की मला वाटतं, मरण अचानक येण्यापेक्षा प्रेत न मिळणं हे अधिक भयंकर आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी बस आणि एक खासगी गाडी पुरात गेली. बस सापडायला आठवड्याहून जास्त काळ गेला. काही मृतदेह खाडीतून वाहत कित्येक मैल लांब समुद्रकिनाऱ्याला लागले, काही मिळालेच नाहीत. तेवढे दिवस नातेवाईक नदीकाठी उभे होते. इर्शाळवाडी किनाऱ्यावर नाही, खालापूरच्या डोंगरात आहे, पण जिल्हा एकच. तिथे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. २७ मृतदेह काढले आणि २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. शासनाच्या लेखी ती पुढे मृत ठरली. मनाच्या लेखी कधी ठरतात?

अमेरिकेतल्या संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांपासून या दुःखाचा अभ्यास सुरू केला. माणूस गेला हे नक्की नाही आणि आहे हेही नक्की नाही, अशा अवस्थेत शोक सुरूच होऊ शकत नाही, तो गोठून राहतो, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडे हे फार आधीपासून ठाऊक असावं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहून दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हा विधी धर्मशास्त्रात आहे. कायदा सात वर्षांनी माणूस मृत धरतो. बारा असोत की सात, दोन्ही आकडे एकच गोष्ट मान्य करतात की कुठेतरी वाट पाहणं थांबवायला बाहेरून परवानगी लागते. वाट पाहणाऱ्या बाईने स्वतःहून मंगळसूत्र काढायचं कसं? मासेमारीला गेलेला नवरा परत आला नाही तर तिला ना वैधव्य मिळतं ना सोबत. विम्याचे आणि मदतीचे कागदही अडतात. म्हणून मोठ्या आपत्तीत न सापडलेल्यांना लवकर मृत घोषित करण्याचा शासनाचा निर्णय मला योग्य वाटतो, जरी ऐकताना तो निष्ठुर वाटला तरी.

प्रेत हाती आलं, अंघोळ घातली, खांदा दिला, की अचानक आलेल्या मरणालाही काहीतरी आकार येतो. धक्का सौम्य करण्याची आपली एक जुनी रीत इथे आठवते. गावात आई गेलेली असायची आणि मुंबईच्या चाकरमान्याला तार जायची: आई सीरियस, ताबडतोब निघ. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण फोनवर आजही हेच सांगतात. हे खोटं बोलणं कुणी वाईट मानत नाही, कारण सगळ्यांना त्याचं काम माहीत आहे. परळहून पेणपर्यंतच्या प्रवासात मुलगा निम्मं ओळखतो. वडखळ येईतो त्याचं रडून झालेलं असतं. गावात शिरताना अंगणात बांबू दिसले तरी तो उभा राहू शकतो. चार-पाच तासांची पूर्वसूचनासुद्धा माणसाला किती वाचवते हे गावाने अनुभवाने शिकून घेतलं होतं.

पूर्वसूचनेचा हाच मुद्दा संशोधकांनीही पकडला. १९४२ साली बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत ४९२ माणसं गेली. एरिक लिंडेमन या मानसोपचारतज्ज्ञाने वाचलेल्यांशी आणि नातेवाइकांशी बोलून १९४४ मध्ये शोकावर एक मूलभूत लेख लिहिला. त्यात एक वेगळी नोंदही होती. युद्धावर गेलेल्या नवऱ्याच्या मरणाची काही बायकांनी मनातल्या मनात इतकी तयारी केली होती की तो जिवंत परतल्यावर त्यांना त्याच्याबद्दल काही वाटेनासं झालं. मरणाआधीच शोक करून टाकणं, या कल्पनेची सुरुवात तिथे झाली. पुढे कॉलिन मरे पार्क्स आणि रॉबर्ट वाइस यांनी बोस्टनमध्येच पंचेचाळिशीच्या आतल्या विधवा-विधुरांचा पाठपुरावा केला. ज्यांना जोडीदार जाणार हे दोन आठवडेही आधी कळलं नव्हतं, ते दोन-चार वर्षांनंतरही जास्त खचलेले होते. इथपर्यंत उत्तर सरळ दिसतं: हळू मरण मागच्यांना बरं.

मग डेट्रॉइट परिसरातल्या वृद्ध जोडप्यांचा अभ्यास आला आणि हे उत्तर टिकलं नाही. या अभ्यासाचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं, कारण १५०० हून अधिक माणसांच्या मुलाखती जोडीदार जिवंत असतानाच, १९८७-८८ च्या सुमाराला, घेतल्या होत्या. नंतर जे एकटे पडले त्यांची तुलना त्यांच्याच आधीच्या मनःस्थितीशी करता आली. डेबोरा कार आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. अचानक मरण की अपेक्षित मरण, याने बहुतेक बाबतींत फारसा फरक पडत नव्हता. उलट ज्यांना फार आधीपासून कल्पना होती त्यांच्यात दीड वर्षानंतरही चिंता अधिक होती. अचानक गेलेल्या जोडीदाराची ओढ बायकांना थोडी जास्त लागत होती, पुरुषांना मात्र कमी.

दोन अभ्यासांत विरोध आहे असं वाटेल, पण मला तो वाटत नाही. पहिल्यात तिशी-चाळिशीतली माणसं होती, दुसऱ्यात पासष्टीपुढची. पस्तिशीतला नवरा अचानक जातो तेव्हा आयुष्याचा सगळा बेतच कोसळतो. ऐंशीतला म्हातारा जातो तेव्हा मन कुठेतरी तयार असतं, आजार असो वा नसो. ‘पिकलं पान’ म्हणतो ते याच अर्थाने. म्हणजे मरण किती वेगाने आलं यापेक्षा ते कुणाला आणि कुठल्या वयात आलं हे मागच्यांना अधिक जाणवतं. मूल गेलं तर वेगाचा हिशेब करायला कुणी धजत नाही. आत्महत्येचं दुःख तर इतकं वेगळं आहे की ते या चर्चेत कोंबणं अन्यायाचं होईल.

आता रेंगाळलेल्या मरणाकडे नीट पाहू, कारण त्याबद्दल आपण कमी बोलतो. आमच्या किनाऱ्यावर कॅन्सरचं निदान म्हणजे परळचं टाटा, किंवा आता खारघरचं टाटांचंच केंद्र. मांडव्याहून २०२० पासून रो-रो आहे, २०२४ पासून अटल सेतू आहे, तरी श्रीवर्धन-दिवेआगरच्या माणसाचा एका केमोला अख्खा दिवस जातो. सोबत एकजण लागतो, त्याची रोजी बुडते. मग डॉक्टर एक दिवस ‘आता घरी न्या’ म्हणतात आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ न देणं, पातळ पेज भरवणं, हगणंमुतणं काढणं, रात्रीचं कण्हणं ऐकणं. हे काम घरात सगळ्यांमध्ये वाटलं जात नाही. ते सुनेवर, बायकोवर, लग्न न झालेल्या मुलीवर पडतं. मुंबईचा थोरला महिन्यातून एकदा फळं घेऊन येतो आणि ‘काळजी घे हं’ म्हणून रविवारच्या बोटीने जातो. मरणानंतर शोकही या दोघांचा सारखा नसतो. थोरल्याच्या लेखी ते अचानकच असतं, आणि दहाव्याला तोच जास्त मोठ्याने रडतो.

जिने सगळं केलं तिच्या मनात ‘सुटलो’ येतं आणि लगेच त्याची लाज येते. तिच्यासाठी एक आकडा सांगायलाच हवा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी शुश्रूषा करणाऱ्या २१७ नातेवाइकांचा अमेरिकी अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७२ टक्क्यांनी मरणाने आपल्याला सुटका वाटली असं सांगितलं. यांतले निम्मे लोक आठवड्याला ४६ तास किंवा त्याहून जास्त वेळ शुश्रूषेत घालवत होते. दोन-तीन वर्षं ज्यांनी एवढं केलं त्यांना सुटका वाटण्यात प्रेमाची कमतरता नाही, थकव्याची कबुली आहे. असं वाटलेल्या प्रत्येक बाईला कुणीतरी हे समोर बसून सांगायला हवं.

आणि दीर्घ शुश्रूषेने शोक आधीच संपून जातो, हेही खरं नाही. मुंबईच्या केईएम इस्पितळात १९७३ ते २०१५ अशी जवळजवळ ४२ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना परिचारिकांच्या पिढ्यांनी सांभाळलं. त्यांना मरू द्यावं ही विनंती सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा त्या परिचारिकांनी विरोध केला, आणि २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांनाच अरुणांच्या जवळच्या मानलं. १८ मे २०१५ ला अरुणा गेल्या तेव्हा त्या बायका घरचं माणूस गेल्यासारख्या रडल्या. रक्ताचं नातं नव्हतं, बोलणं कधी झालं नव्हतं, तरीही.

या दोन टोकांच्या मधलं एक मरण याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने दाखवलं. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराने आजारी पडले आणि काही दिवसांत त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, पवनारला त्यांनी देह ठेवला. साधारण आठवडाभराचा अवधी. लोक येऊन दर्शन घेऊन गेले, आश्रमातल्यांना जवळ बसता आलं. सर्वांनी असं करावं असं मी म्हणत नाही, ती त्यांची साधना होती. पण अवधीचं माप मात्र लक्षात ठेवण्याजोगं आहे. माणसं गोळा होण्याइतका लांब, सांभाळणारे मोडून पडणार नाहीत इतका आखूड. मागे राहणाऱ्यांसाठी सर्वांत सोसवणारं मरण कोणतं, असं मला विचारलं तर मी हेच सांगेन: काही दिवसांचं किंवा थोड्या आठवड्यांचं, घरच्या माणसांत, वेदना आटोक्यात असलेलं.

अवधी मिळाला तरी तो हाती लागायला हवा, हे कोविडने शिकवलं. २०२० आणि २०२१ मध्ये माणसं दहा-पंधरा दिवस दवाखान्यात होती, म्हणजे मरण अचानक नव्हतं. तरी नातेवाइकांच्या वाट्याला अचानक मरणाचंच दुःख आलं. शेवटचं पाणी नाही, तोंड पाहणं नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह लांबून. अतिदक्षता विभागात नळ्यांच्या गराड्यात गेलेल्यांचंही असंच होतं. २००८ मधला एक अमेरिकी अभ्यास सांगतो की शेवटच्या आठवड्यात जितके उपचार जास्त आक्रमक, तितकं मागच्यांचं नैराश्य जास्त. आणि डॉक्टरांनी आधी मोकळेपणाने बोलून घेतलं असेल तिथे असे उपचार कमी झाले होते. ‘सगळं केलं’ याचं समाधान मिळावं म्हणून आपण वडिलांना व्हेंटिलेटरवर पाठवतो, आणि नंतर वर्षानुवर्षं तेच दृश्य डोळ्यांपुढे राहतं.

एक गोष्ट मात्र अचानक मरणालाच जास्त चिकटते: दोष. ‘वेळेवर नेलं असतं तर.’ या ‘तर’ला दरवेळी नशिबाचं उत्तर देऊन चालत नाही, हे महाडने सिद्ध केलं आहे. कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या दंशाने लहान मुलं काही तासांत दगावत. लोक ते नशीब मानत. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडमध्ये या रुग्णांजवळ रात्र-रात्र बसून नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं ते एका टक्क्याच्या जवळ आलं. मागे राहणाऱ्यांचं सांत्वन करण्याचा याहून खरा मार्ग मला दिसत नाही. लाइफ जॅकेट नसलेली नौका, दरडीखालची वाडी, रात्री डॉक्टर नसलेला दवाखाना, यांनी होणाऱ्या मरणाला आकस्मिक म्हणणं हे मागे राहिलेल्यांवर दुसऱ्यांदा लादलेलं दुःख आहे.

राहून गेलेलं बोलणं, हा अचानक मरणाचा दुसरा काटा. त्यावर आपल्या समाजाने काढलेली तोड मला फार शहाणी वाटते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा जमलेली माणसं गेलेल्याशी मोठ्याने बोलू लागतात. ‘पोरीचं लग्न आम्ही करू.’ ‘कर्ज मी फेडीन, काळजी करू नको.’ ‘धाकट्याला शिकवू.’ शब्द सगळ्यांसमोर दिला जातो आणि विधवा तो ऐकते. रेंगाळलेल्या आजारात जे बोलणं खाटेशेजारी व्हायला हवं, ते इथे खाडीच्या काठावर, चारचौघांच्या साक्षीने होतं. कावळा येतो की दर्भाचा करावा लागतो हा भाग सोडा. तिला तो शब्द मिळाला हे महत्त्वाचं. पितृपक्षात चतुर्दशी ही अपघाताने, शस्त्राने, अवचित गेलेल्यांसाठी राखून ठेवलेली तिथी आहे. घातचतुर्दशी म्हणतात तिला. त्या घरांचं दुःख वेगळं आहे हे पंचांगानेही मान्य केलं आहे.

शोक कधी आजार ठरतो यावरही आता एकमत होत आलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांहून अधिक आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या वर्गीकरणात प्रौढांसाठी वर्षाहून अधिक काळ दैनंदिन जीवन ठप्प करणारा शोक हा उपचार लागणारा विकार मानला आहे. बहुतेक माणसं मात्र, मरण कसंही आलेलं असो, आपली आपण उभी राहतात. जी राहत नाहीत त्यांना ‘देवाचं नाव घे’ एवढ्यावर सोडून देऊ नये.

अचानक मरणापुढे आपण फारसं काही करू शकत नाही. जी टाळता येतील ती टाळायची आणि जवळच्यांशी भांडण उद्यावर ठेवायचं नाही. रेंगाळलेल्या मरणाचं ओझं मात्र पुष्कळ कमी करता येतं, आणि तिथेच आपण कमी पडतो. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना सांभाळणारं शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून तसंच सिप्लाचं केंद्र आहे. केरळात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन अंथरुणावरच्या माणसांना सांभाळण्याची पद्धत रुजवली. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून कायदा २०१४ मध्ये बदलला. नको असलेले उपचार नाकारण्याचं लिव्हिंग विल सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने ते करावं, कारण ते नसलं की निर्णयाचा भार मुलांवर पडतो आणि पुढे आयुष्यभर राहतो.

घरात कुणी अंथरुणावर असेल तर लांबच्या भावंडांनी फळं पाठवण्याऐवजी महिन्यातले चार दिवस येऊन राहावं आणि सांभाळणाऱ्या बाईला त्या चार रात्री झोपू द्यावं. डॉक्टरांना ‘किती दिवस आहेत’ हे सरळ विचारावं. आणि आठवड्यातून एकदा नर्स, गोळ्या आणि जखमेची मलमपट्टी घेऊन दारात येणारं पथक अलिबाग, मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन, उरण अशा प्रत्येक तालुक्याच्या गावोगावी पोहोचलं पाहिजे, अशी मागणी पुढच्या ग्रामसभेत ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवावी.